एलडॅप: लॉगिन होतं, पासवर्ड बदलत नाही

सातपूरकर: अंबड एमआयडीसीतल्या कारखान्याचं काम आहे, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (युजर खाती सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची सेवा). पीएचपीतून एलडॅपने (डिरेक्टरीशी बोलायची पद्धत) पोर्ट ३८९ वर बाइंड, म्हणजे लॉगिन, होतं. पासवर्ड बदलायला गेलं की एरर ५३, म्हणजे सर्व्हरचा नकार. अ‍ॅडमिनच्या खात्यानेही तेच.

पंचवटी७: साध्या ३८९ वर नाहीच होणार. एन्क्रिप्शन हवंच, म्हणजे पोर्ट ६३६ (सुरुवातीपासून एन्क्रिप्टेड) किंवा स्टार्टटीएलएस (३८९ वरच एन्क्रिप्शन सुरू करणं). नवा पासवर्ड 'युनिकोडपीडब्ल्यूडी' या फील्डमध्ये, दुहेरी अवतरणचिन्हांसकट, यूटीएफ-१६ लिटल एंडियन एन्कोडिंग करून पाठवा. ती चिन्हं द्यायची राहिली तरी हाच ५३. अ‍ॅडमिन रीसेट करत असेल तर रिप्लेस. युजर स्वतः बदलत असेल तर एकाच मॉडिफायमध्ये (बदलाच्या विनंतीत) जुना डिलीट, नवा अ‍ॅड.

मेनरोडवाला: एररच्या मेसेजमध्ये ५२डी हा कोड दिसला तर पासवर्ड पॉलिसीत बसत नाहीये, कोडला दोष देऊ नका. आणि सर्टिफिकेटची तपासणी बंद करून मोकळे होऊ नका हो, रूट सर्टिफिकेट पीएचपीच्या सर्व्हरवर टाका.

सातपूरकर: ६३६ वर झालं, आभार. नव्या कामगारांना लॉगिनलाच ७७३ हा कोड येतोय?

पंचवटी७: पासवर्ड बरोबर आहे, पण पहिल्या लॉगिनला बदलायची सक्ती आहे. तोवर त्या कामगाराला बाइंड करता येणार नाही. सर्व्हिस खात्याने (अ‍ॅपसाठी ठेवलेलं खातं) बाइंड करून तोच डिलीट-अ‍ॅड चालवा. शिवाय रिकामा पासवर्ड कोडमध्येच अडवा, नाहीतर बाइंड यशस्वी दिसतं आणि कुणीही आत!