मदत हवी आहे: रोजचंच दम्याचं सिरप, पोट्ट्याले तापातच काऊन बाधलं?

नमस्कार मंडळी. मी आर्णी तालुक्यातला, जिल्हा यवतमाळ. पोट्टा आठ वर्साचा, वजन २१ किलो, दमा हाय. दिवाळीनंतर घरात कापूस भरला का याची छाती वाजाले लागते (भाव वाढंल म्हणून खोलीत गंजी ठेवली हाय, त्याच्यावरून शिव्या नका देऊ, बायको रोज देतेच). मागच्या सालापासून त्याले थिओफायलिनचं सिरप चालू हाय, सकाळ-संध्याकाळ, बाटलीसंगच्या मापानंच देतो, कधी काही तरास नाई झाला.

मागच्या हप्त्यात सर्दी-तापाची साथ आली, अर्धी शाळा घरी. याले तीन दिवस १०३ ताप. गावातल्या डॉक्टरनं तापाचं आन खोकल्याचं औषध देलं, घरी काय चालू हाय ते त्यायनं इचारलं नाई आन मीबी सांगतलं नाई. सिरप तसंच चालू ठेवलं, दमा उठू नये म्हणून. तिसऱ्या रात्री चार उलट्या, झोप नाई, हात असे थरथरून राह्यले का पाण्याचा गिलास धरता येईना, सगळं पाणी बनियनवर. छाती तर बनियनवरून उडताना दिसे. शेजारची म्हातारी म्हणे नजर लागली, तिनं मिरच्या उतरवल्या तोवर मी गाडी काढली.

यवतमाळच्या डॉक्टरसाहेबायनं पहिले सिरपची बाटली मांगतली आन बंद केलं. दोन दिवस ठेवून घेतलं, सीआरपी (इन्फेक्शनात रक्तात वाढते ते) ६२ आलं, एसजीपीटी (लिव्हरची तपासणी) नॉर्मल. म्हणे तापात लिव्हर मंद होते, औषध अंगात साचलं. आता बरा हाय पोट्टा. पण माप तेच, बाटली तेच, लिव्हरचा रिपोर्ट नॉर्मल, मंग साचलं कसं?

गोळीवाला_वर्धा: दादा, आधी सांगा, सिप्रो नाहीतर एरिथ्रोमायसिन, असं काही अँटिबायोटिक दिलं होतं का? त्यांच्यानेही थिओफायलिन चढतं.

धागाकर्ता: नाई भाऊ, चिठ्ठी समोर हाय, पॅरासिटामॉल आन खोकल्याचं, बस.

गोळीवाला_वर्धा: मग तापाचंच काम दिसतंय. एसजीपीटी वाढतं ते लिव्हरच्या पेशींना इजा झाली की. इथे इजा नाही, काम बदललं. इन्फेक्शनमध्ये आयएल-६ सारखे पदार्थ रक्तात सुटतात, ते लिव्हरला म्हणतात बाकी सोड, सीआरपी बनव. त्या धांदलीत औषध मोडणारी एन्झाइम्स कमी बनतात, थिओफायलिनसाठी मुख्य म्हणजे सीवायपी१ए२. जिनिंगमधल्या अर्ध्या मशीन बंद आणि कापसाच्या गाड्या रोजच्याएवढ्याच येताहेत, अशी गत. त्यात तुमच्या पोराच्या वयात हे औषध मोठ्या माणसापेक्षा भराभर मोडतं म्हणून किलोमागे डोसही जास्त असतो, आणि मुळात उपयोगाची मात्रा आणि बाधणारी मात्रा यांच्यात अंतर फार कमी. हे नवं नाही बरं का, १९८० मध्ये अमेरिकेत सिएटलकडे इन्फ्लुएन्झा बीची साथ आली तेव्हा नेहमीच्याच डोसवरच्या ११ दमेकरी मुलांना असंच चढलं होतं.

दोन_लेकरांची_आई: बापा, मी तर घाबरलीच. माझ्या लेकीला फिटसाठी कार्बामाझेपिन चालू आहे, ते पण लिव्हरमध्येच मोडतं ना? ताप आला की अर्धी गोळी करू का?

गोळीवाला_वर्धा: ताई, अजिबात नको! तापात फिट यायची भीती उलट जास्त, त्यात गोळी कमी केली तर पंचाईत. झोपाळू वाटली, चालताना तोल गेला, दोन-दोन दिसायला लागलं तर लगेच दाखवा, आणि डोसचं काय ते डॉक्टरच ठरवतील. सगळ्या औषधांचं असं होत नाही, अमॉक्सिसिलिन बहुतांश किडनीतून जातं, त्याचा या भानगडीशी संबंध नाही.

नाइट_ड्यूटी: मी मुलांच्या आयसीयूत नर्स आहे. आमच्याकडे मिडाझोलामचं (गुंगीचं औषध) हेच होतं, सीआरपी खूप चढलेलं लेकरू त्याच डोसवर जास्त वेळ झोपून राहतं. नेदरलँड्समध्ये आयसीयूतल्या मुलांवर अभ्यास झालाय, २०१६ मध्ये छापून आला, सीआरपी १० ऐवजी ३०० असलं तर औषध निघायचा वेग ६५ टक्क्यांनी कमी. आणि दादा, ताप उतरला म्हणून सिरप लगेच चालू करू नका हां, एन्झाइम पूर्ववत व्हायला काही दिवस जातात. पंपाचं विचारलं का डॉक्टरांना? स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून द्यायचा स्टेरॉइडचा पंप, रोजच्यासाठी आता तोच आधी देतात मुलांना.

धागाकर्ता: पंपाचं त्यायनंच काढलं होतं, पण आमची आई म्हणते पंपाची सवय लागते.

नाइट_ड्यूटी: नाही लागत. फुफ्फुसात थेट जातो म्हणून मात्रा मायक्रोग्रॅममध्ये पुरते. आईंना फोनवर द्या, मी बोलते 😄

धागाकर्ता: हाओ ताई, तुमचाच मेसेज वाचून दाखवला, तोंड वाकडं केलं पण गप बसली. मंगळवारी यवतमाळले जातो, पंप लिहून घेतो. पोट्ट्याच्या टीकाकरणाच्या कार्डावर मागच्या बाजूनं चालू औषधाचं नाव आन माप लिहून टाकलं, आता गावातल्या डॉक्टरनं इचारो का न इचारो, कार्डच पुढं करतो. कापसाचंबी ठरलं, भाव येवो का न येवो, या हप्त्यात खोली खाली.