शब्दचर्चा: प्रेषित, संदेष्टा आणि नियमशास्त्र

चौकटराजा:
सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळींवरच्या एका लेखाचं मराठी करतोय. दोन शब्दांपाशी गाडी अडली आहे.

पहिला 'प्रेषित'. आपल्याकडे मुहम्मद पैगंबरही प्रेषित, येशूचे बारा शिष्यही प्रेषित आणि त्या बारांत नसलेला पौलही प्रेषित. लेखात सारखं येतं की पौलाला आपलं प्रेषितपण सिद्ध करावं लागत होतं. मराठी वाचकाला वाटणार, देवाने पाठवलेल्या माणसाला कुणापुढे काय सिद्ध करायचं असतं?

दुसरा 'नियमशास्त्र'. 'ज्यू कायदा' लिहिलं तर चालेल का? नियमशास्त्र म्हटलं की रहदारीचे नियम आठवतात.

पोथीवाला:
प्रेषित म्हणजे मुळात 'पाठवलेला', बस्स. पाकिटाच्या कोपऱ्यात आपण 'प्रेषक' लिहितो, त्याच घरातला शब्द. ग्रीक 'अपोस्तोलोस'ही 'अपोस्तेल्लो', म्हणजे पाठवणे, या क्रियापदावरून आलेला. हेरोडोटसकडे तो साध्या राजदूतासाठी येतो, धर्माचा काही संबंध नाही. खुद्द पौलही तो असा साधा वापरतो. फिलिप्पैच्या मंडळीने तुरुंगातल्या पौलासाठी मदत घेऊन एपफ्रदीत नावाच्या माणसाला पाठवलं. पौल त्याला 'तुमचा अपोस्तोलोस' म्हणतो. तिथे 'तुमचा प्रेषित' असं मराठी केलं तर वाचक दचकेल. म्हणून भाषांतरकार बहुधा दूतासारखा एखादा साधा शब्द घालतात आणि मग मूळचा धागा तुटतो.

आणि एक. मराठी पवित्रशास्त्रात यशया, यिर्मया हे 'संदेष्टे', पेत्र आणि पौल 'प्रेषित'. ही फोड नीट केलेली आहे. वर्तमानपत्रांत मात्र 'यहुद्यांचे प्रेषित यशया' असं सर्रास छापतात. वडाची साल पिंपळाला. पैगंबरांना प्रेषित म्हणणं मात्र चूक नाही. अरबी 'रसूल'चा अर्थही पाठवलेला असाच आहे. 'नबी'साठी संदेष्टा जवळचा.

उगाच:
मग प्रोषितभर्तृका म्हणजे जिचा नवरा धर्मप्रसाराला गेलाय ती का?

पोथीवाला:
ते प्र + वस्, हे प्र + इष्. प्रोषित म्हणजे परगावी राहायला गेलेला. पण पेत्राची बायको त्याच्याबरोबर फिरत असे असं पौलच लिहितो, तेव्हा तिला हे विशेषण कुठल्याच अर्थाने लागू नाही.

कज्जेदलाल:
चौकटराजा, तुमची अडचण आमच्या धंद्यातल्या शब्दाने सुटते. मुखत्यार.

यहुदी परंपरेत 'शालियाह' ही कल्पना आहे. त्याचाही अर्थ पाठवलेला. मिश्नात, म्हणजे यहुद्यांच्या तोंडी परंपरेच्या संग्रहात, वचन आहे की माणसाचा शालियाह म्हणजे जणू तो माणूसच. शालियाहमार्फत वाङ्‌निश्चयसुद्धा करता येतो, नवरदेवाने स्वतः हजर असलंच पाहिजे असं नाही. कुलमुखत्यारपत्र दिलेल्या माणसाची सही आपल्यावर बंधनकारक असते तसं. पण मुखत्याराला लोक दोनच प्रश्न विचारतात: कुणी नेमलं, आणि पत्र कुठाय?

पौलाला अख्खं आयुष्य हेच दोन प्रश्न विचारले गेले. गलतीकरांस पत्राचं पहिलंच वाक्य बघा. मी प्रेषित आहे, पण माणसांकडून नाही आणि कुणा माणसाच्या द्वारेही नाही. नमस्कार-चमत्काराच्या आधी वकालतनामा. कुरिंथकरांना तर तो उलट विचारतो, आम्हाला काय शिफारसपत्रं लागतात? आमचं पत्र तुम्हीच. दुसऱ्या ठिकाणी म्हणतो, इतरांना नसेन, तुम्हाला तरी मी प्रेषित आहे, माझ्या प्रेषितपणाचा शिक्का तुम्हीच आहात. पत्र, शिक्का, ही सगळी दप्तरातली भाषा आहे.

गंमत म्हणजे हाच माणूस आधी खरोखर कागद घेऊन फिरत होता. 'प्रेषितांची कृत्ये' या नव्या करारातल्या पुस्तकात तो प्रमुख याजकाकडून दिमिष्काच्या (दमास्कसच्या) सभास्थानांच्या नावे पत्रं घेऊन निघतो, ख्रिस्ताच्या अनुयायांना बांधून आणण्यासाठी. पत्र हाती असताना कुणी हटकलं नाही. पत्राविना आला तेव्हा सगळ्यांनी हटकलं.

पोथीवाला:
मुखत्यार आवडला, पण जरा जपून. मिश्ना संकलित झाली इ.स. 200 च्या आसपास, पौलाची पत्रं इ.स. 50 ते 60 च्या आगेमागे. दीडशे वर्षांनंतरचं वचन मागे नेऊन पौलाला चिकटवण्यावर अभ्यासकांनी आक्षेप घेतलेले आहेत. कल्पना जुनी असेलही, पण 'प्रेषित हा शब्द शालियाहवरूनच आला' असं ठोकून देऊ नका.

नंतरच्या काळात मात्र दोन्ही शब्द एकमेकांना भिडतात. इ.स. 399 चा सम्राट होनोरियसचा एक हुकूम आहे. यहुदी कुलपतीच्या, म्हणजे त्यांच्या सर्वोच्च धर्मप्रमुखाच्या, वतीने सभास्थानांतून सोनं-चांदी गोळा करत फिरणाऱ्यांना त्याने मनाई केली. हुकुमात त्या वसुलीदारांना 'अपोस्तोली' म्हटलंय.

ख्रिस्ती मंडळींतही या शब्दाला भलतीच माणसं चिकटू लागली होती. 'दिदाखे' या छोट्या पोथीत सरळ सूचना आहे: दाराशी प्रेषित आला तर स्वागत करा, पण एक दिवस, गरज पडली तर दोन दिवस ठेवा. तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा. निघताना फक्त भाकरी द्या. पैसे मागितले तर तो खोटा. चौकटराजा, त्या काळी सिद्ध काय करायचं असतं त्याचं उत्तर हे.

चौकटराजा:
आणि बारा जणांचं काय? ते तर ठरलेले होते ना?

कज्जेदलाल:
येशूला पकडून देणाऱ्या यहूदाची जागा रिकामी झाली तेव्हा पेत्राने पात्रता सांगितली: योहानाच्या बाप्तिस्म्यापासून शेवटपर्यंत आमच्याबरोबर वावरलेला आणि पुनरुत्थानाचा साक्षी होऊ शकेल असा. दोन नावं निघाली, चिठ्ठ्या टाकल्या, मत्थिया निवडला गेला. या अटींवर पौलाचा अर्ज छाननीतच बाद. म्हणून तो साक्षीवर भर देतो. मीही प्रभूला पाहिलंय, सगळ्यांत शेवटी, अकाली जन्मलेल्यासारखा. प्रेषितांच्या कृत्यांत तो पानोपानी आहे, पण त्याला प्रेषित म्हटलंय फक्त चौदाव्या अध्यायात, दोनदा, आणि तेही बर्णबा या सोबत्याबरोबर.

सांजवेळ:
नियमशास्त्राबद्दल लिहिते. मी वसईची, चर्चमध्ये हा शब्द लहानपणापासून ऐकलाय, मला तरी त्यात रहदारी दिसत नाही. :)

'कायदा' लिहू नका. हिब्रू 'तोरा' म्हणजे शिकवण, वाट दाखवणं. अलेक्झांड्रियाकडच्या यहुद्यांनी ग्रीक भाषांतरात तिला 'नोमोस' केलं आणि तिथून सगळा युरोप तिला कायदा म्हणू लागला. मराठीत 'शास्त्र' जोडल्यामुळे थोडं वाचलंय. धर्मशास्त्र म्हटलं की आपल्याला सोयरसुतक, खाणंपिणं, सणवार सगळं आठवतं, नुसतं कोर्ट नाही. तोरातही हे सगळं आहे.

रोजच्या आचाराला यहुदी शब्द 'हलाखा', मूळ धातू चालण्याचा. आपल्याकडे 'चालीरीत' आहेच की! हे लक्षात ठेवून अंत्युखियातलं भांडण वाचा. पेत्र तिथे परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, एका पंगतीला बसत होता. यरुशलेमेतल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही माणसं आली तसा तो मागे सरला, त्याचं बघून बर्णबाही. पौल सर्वांसमक्ष त्याला बोलला. त्या जागी ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे त्याचा शब्दशः अर्थ 'सरळ पावलं टाकणे'. हे लोक सरळ चालत नाहीत, असं तो म्हणतोय. 'ज्यू कायदा मोडला' म्हटलं की त्या पंगतीचं काहीच उरत नाही. प्रश्न होता कोण कुणाबरोबर जेवतो हा, आणि तो आपल्याला परदेशातून समजून घ्यायची गरज नाही.

चालीरीत शतकानुशतकं टिकते कशी, याचा दाखला तर आपल्या कोकणात आहे. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी, शब्बाथ म्हणून शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना नावच दिलं 'शनिवार तेली'.

उगाच:
म्हणजे पौल नियमशास्त्राच्या विरोधात होता, एवढंच लिहा की.

सांजवेळ:
नका लिहू. परराष्ट्रीय असलेल्या तीत या सहकाऱ्याची सुंता करायला त्याने नकार दिला आणि आई यहुदी असलेल्या तीमथ्याची, कृत्यांनुसार, त्याने स्वतः करवली. भांडण यहुद्यांनी नियमशास्त्र पाळावं का हे नव्हतंच. परराष्ट्रीयांना आत येण्याआधी यहुदी व्हावं लागेल का, हे होतं.

पोथीवाला:
आता मला खरी लज्जत वाटते ती एका क्रियापदाची. 'दोकेओ' म्हणजे वाटणे, भासणे, योग्य दिसणे.

इ.स. 49 च्या सुमारास यरुशलेमेत बैठक झाली. कृत्यांच्या पंधराव्या अध्यायानुसार प्रेषित आणि मंडळीतले वडीलधारे जमले, पेत्र बोलला, शेवटी याकोबाने 'माझा निर्णय असा' म्हणून समारोप केला. हा याकोब येशूचा भाऊ, बारांतला नव्हे. मग पत्र निघालं. सुंता नको, चार गोष्टी मात्र टाळा: मूर्तींना दाखवलेलं, रक्त, गळा दाबून मारलेल्याचं मांस आणि जारकर्म. लेवीय या तोरातल्या पुस्तकात इस्राएलात राहणाऱ्या उपऱ्यांसाठी जे नियम आहेत त्यांच्याशी ही यादी बरीच जुळते. पत्रात शब्द आहे 'एदोक्सेन': पवित्र आत्म्याला आणि आम्हाला योग्य वाटलं. ग्रीक नगरांचे ठराव याच शब्दाने सुरू होत, सभेला आणि लोकांना योग्य वाटलं की... पुढच्याच अध्यायात या ठरावांना 'दोग्माता' म्हटलंय. आपण नाक मुरडून म्हणतो तो 'डॉग्मा' हाच, मुळात सभेत मंजूर झालेला ठराव.

गलतीकरांस पत्रात पौल त्याच माणसांबद्दल काय लिहितो? 'दोकून्तेस'. जे कुणीतरी मोठे वाटतात ते, जे आधारस्तंभ वाटतात ते याकोब, केफा (म्हणजे पेत्रच) आणि योहान. ते कसेही असोत, मला फरक पडत नाही, असंही वर. क्रियापद तेच. एकाकडे त्यातून ठराव झाला, दुसऱ्याकडे टोमणा. (बैठक हीच होती की आधीची, यावर अजून वाद आहे.) पौलाच्या हकिकतीत चार गोष्टींचा उल्लेखही नाही. हस्तांदोलन झालं आणि गरिबांची आठवण ठेवा एवढंच सांगितलं, असं तो म्हणतो. पुढे कुरिंथकरांना मूर्तींच्या नैवेद्याबद्दल लांबलचक समजावतो, तिथेही त्या पत्राचं नाव काढत नाही.

कज्जेदलाल:
आदेश हाती असून वकील तो दाखल करत नाही, तेव्हा आम्ही काय समजायचं ते समजतो.

याकोबाचा शेवटही सांगतो. इ.स. 62 मध्ये प्रमुख याजक हनान याने त्याला दगडमार करवला. रोमन सुभेदार मेला होता आणि नवा अजून पोहोचला नव्हता, ती संधी साधून. योसेफस हा यहुदी इतिहासकार लिहितो की आरोप होता नियमशास्त्र मोडल्याचा. आणि नियमशास्त्राबाबत काटेकोर असलेल्या लोकांनाच ते खटकलं, त्यांच्या तक्रारीनंतर हनानचं पद गेलं.

चौकटराजा:
भरपूर मिळालं. मग असं करतो: 'प्रेषित' ठेवतो, पहिल्यांदा येईल तिथे 'पाठवलेला, अधिकृत मुखत्यार' अशी फोड देतो. 'नियमशास्त्र' ठेवतो, आचाराचा मुद्दा असेल तिथे 'चालीरीत'. एपफ्रदीतासाठी काय?

पोथीवाला:
'तुम्ही पाठवलेला'. धागा तुटत नाही आणि कुणी दचकतही नाही.

सांजवेळ:
लेखात युनिया आहे का? रोमकरांस पत्राच्या शेवटी अंद्रोनीक आणि युनिया 'प्रेषितांमध्ये नामांकित' आहेत. चौथ्या शतकात योहान ख्रिसोस्तोम हा ख्रिस्ती धर्मगुरू तिला बाई समजूनच वाचतो आणि प्रेषित या नावाला पात्र ठरली म्हणून तिची वाखाणणी करतो. नंतरच्या कित्येक भाषांतरांत तिचा पुरुष झाला. काहींच्या मते 'प्रेषितांना चांगली माहीत असलेली' एवढाच अर्थ आहे. ती आली तर 'प्रेषिता' लिहाल की प्रेषितच?

चौकटराजा:
आहे, शेवटच्या परिच्छेदात.

पोथीवाला:
प्रेषितच. संस्कृतात 'प्रेषिता' बरोबर आहे, पण मराठीत ते मुलीचं नाव वाटतं.