मदत हवी आहे : संडासात ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र झाली, मावशींचा खोकला थांबत नाही

टँकरग्रस्त (संध्या. ६:४०)

मंडळी, घाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

आम्ही वाघोलीत राहतो. सोसायटीला टँकर आणि बोअरचं पाणी. कमोडमध्ये पाण्याच्या रेघेवर पिवळट, खडबडीत थर बसलाय, नखाने खरवडला तर चुन्यासारखा भुगा निघतो. दुकानातलं निळं टॉयलेट क्लीनर दोनदा रात्रभर ठेवून पाहिलं, ढिम्म फरक नाही. म्हणून गेल्या महिन्यात दारावर येणाऱ्या फिनाईलवाल्याकडून सुट्टं ॲसिड घेतलं. त्याने कॅनमधून ओतून दिलं. बाटली माझीच, पिण्याच्या पाण्याची. (माहितेय. ओरडा नंतर.)

आज दुपारी कामाच्या मावशींनी ते भांड्यात ओतलं. फेस आला, थर काही निघेना. मग त्यांनी आपणहून पावसाळ्यात सोसायटीने गटारासाठी वाटलेली ब्लीचिंग पावडर वरून दोन मुठी टाकली आणि वाकून ब्रशने घासायला लागल्या. आमच्या संडासाला एक वीतभर खिडकी, एक्झॉस्ट फॅन दिवाळीपासून बंद. मी स्वयंपाकघरात होते. आधी पोहण्याच्या तलावासारखा वास आला, मग एकदम घसा धरला. जाऊन बघते तर मावशी दाराला धरून खोकतायत, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

त्यांना गॅलरीत बसवलं, डोळे धुतले. सासूबाईंनी गूळपाणी आणि दूध दिलं. तासाभरात बरं वाटलं म्हणून त्या घरी गेल्या. आत्ता त्यांच्या मुलीचा फोन आला, खोकला परत सुरू झालाय, छाती आवळल्यासारखी वाटतेय. घटनेला साडेचार तास झालेत. मावशी म्हणतात उद्यापर्यंत बरं होईल. वाफ द्यावी का? की डॉक्टरकडे न्यायलाच हवं?

आणि ती उरलेली अर्धी बाटली अजून संडासाच्या कोपऱ्यात आहे. तिचं काय करू?

बाराभाई (६:५२)

एवढं घाबरू नका हो. आमच्याकडे वीस वर्षं ॲसिडच वापरतात. ॲसिडचा ठसका लागतोच. हळद-दूध द्या.

रात्रपाळी_डॉक्टर (६:५५)

बाराभाई, हा ॲसिडचा ठसका नाही.

ताई, आत्ता न्या. मुलीला फोन करून सांगा, १०८ बोलवा किंवा रिक्षाने जवळच्या मोठ्या दवाखान्यात, जिथे ऑक्सिजन आणि एक्स-रे आहे तिथे. हा क्लोरीन वायू होता. मध्ये काही तास बरं वाटून मग फुफ्फुसात पाणी व्हायला लागतं, असं या वायूत होतं, म्हणून छाती आवळतेय हे हलक्यात घेऊ नका. दम्याचा जुना त्रास असेल तर तो सांगा. 'ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र झाली, बंद संडास, साधारण इतकी मिनिटं' एवढं वाक्य डॉक्टरांना सांगितलं की त्यांचा निम्मा वेळ वाचतो.

वाफ नको. दूध-गूळ पोटात जातं, वायू गेला छातीत, त्याचा उपयोग नाही. आडवं झोपवू नका, टेकून बसू द्या, जिने चढायला लावू नका. दिल्लीच्या एम्समधलं विषबाधा माहिती केंद्र फोनवर सल्ला देतं : १८०० ११६ ११७. पण फोन वाटेत करा, त्यासाठी थांबू नका.

टँकरग्रस्त (६:५८)

निघाले. गाडी काढतेय.

निवृत्त_रसायन (७:३०)

ताई वाचतील तेव्हा वाचतील, बाकीच्यांसाठी लिहून ठेवतो. अकरावी-बारावीला हे शिकवण्यात आयुष्य गेलं, आणि तरी माझ्याच घरात एकदा व्हिनेगर आणि ब्लीचची गाठ पडली होती, तेव्हा उपदेशाचा आव नाही.

दुकानातलं निळं क्लीनर म्हणजे साधारण दहा टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड, घट्ट केलेलं, म्हणजे भांड्याच्या भिंतीला धरून राहावं. सुट्टं ॲसिड तेच, पण तीस टक्क्यांच्या आसपास. झाकण उघडल्यावर पांढरा धूर दिसतो ना, तो त्याचा. ब्लीचिंग पावडर किंवा सोडियम हायपोक्लोराइटवाल्या द्रवात क्लोरीन बांधलेला असतो, आणि ॲसिड ती गाठ सोडतं. दहा टक्केवाल्यानेही तेच झालं असतं, जरा हळू इतकंच. व्हिनेगर, लिंबूसत्वही तोच खेळ करतात.

आता मावशींनाच जास्त का लागलं? हा वायू हवेच्या जवळजवळ अडीचपट जड. तो वर खिडकीकडे जात नाही, भांड्यात आणि फरशीलगत साचतो, आणि घासणाऱ्या बाईचं तोंड नेमकं तिथेच. पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत जर्मनांनी हाच वायू सोडला तेव्हा तो खंदकांमध्ये उतरून बसला. रांगतं मूल घरात असेल तर हे लक्षात ठेवा. ओढणी नाकाला बांधून भागत नाही, आणि कोविडमधले उरलेले मास्क धूळ-कणांसाठी आहेत, वायू त्यांतून आरपार जातो.

असं झालंच तर आत जाऊन 'पाणी मारतो' म्हणू नये. माणूस बाहेर, घराच्या खिडक्या उघड्या, शिडी-स्टूल काही न शोधता आपणही बाहेर. वास पूर्ण गेल्यावर दुसऱ्या दिवशी दारातूनच भरपूर पाणी. आणि त्या पाण्यात 'जंतू मरावेत' म्हणून अजून काही नको!

तुंबलेल्या नळीत टाकायची ती कॉस्टिकची पुडीही ॲसिडबरोबर नको. वायू नाही, पण उकळी फुटल्यासारखं तोंडावर उडतं.

कडप्पा_प्रेमी (८:०५)

अवांतर आहे, पण सुट्ट्या ॲसिडबद्दल. आमच्या संडासाच्या उंबऱ्याला कडप्पा आहे. गड्याने बाटली टेकवली, बुडाला लागलेला थेंब पडला आणि इनो टाकल्यासारखा फसफसला. पुसेपर्यंत रुपयाएवढा पांढरा, खरखरीत डाग, तो आजतागायत आहे. कडप्पा काय, शहाबादी काय, संगमरवर काय, सगळे चुन्याच्या जातीचे. कमोडचा थर ज्या कारणाने विरघळतो त्याच कारणाने फरशीही. नळाचं चकचकीत पॉलिशही धुराने गेलं.

आणि तो फिनाईलवाला बेकायदा विकतोय. सुप्रीम कोर्टाने २०१३ च्या जुलैत सुट्ट्या ॲसिड विक्रीवर बंधनं घातली : नोंदवही हवी, घेणाऱ्याचं ओळखपत्र आणि पत्ता हवा, अठराच्या आतल्याला विकायचं नाही. तुमच्याकडे ओळखपत्र मागितलं का त्याने?

बाराभाई (८:२०)

बरं. माझी चूक. बायकोला विचारलं तर आमच्याकडेही बेसिनखाली दोन्ही शेजारी-शेजारीच आहेत. एक गच्चीवर हलवलं.

टँकरग्रस्त (रात्री ११:१५)

आत्ता परत आले. मावशींना आजची रात्र ठेवून घेतलंय. ऑक्सिजन कमी भरला होता, नेब्युलायझर दोनदा झालं, एक्स-रे सध्या ठीक, उद्या सकाळी परत काढणार. डॉक्टर म्हणाले वेळेत आणलंत. मावशी मला विचारतायत, 'ताई, उद्याची सुट्टी धरणार का?' काय बोलू. बिल आम्ही भरतोय, पगार कापायचा प्रश्नच नाही.

कडप्पावाले, ओळखपत्र कसलं, त्याने सुट्टे पैसे तेवढे मागितले.

बाटलीचं सांगा कुणीतरी. घरात नातू येणार आहे परवा, आणि ती दिसते अगदी पाण्यासारखी.

निवृत्त_रसायन (११:४०)

आज रात्री हात लावू नका, संडासाला बाहेरून कडी. उद्या वास नसेल तर : चष्मा, रबरी हातमोजे, पायात पूर्ण चप्पल-बूट. बाटली गॅलरीत न्या. प्लास्टिकची बादली अर्धी पाण्याने भरा, ॲल्युमिनियमचं किंवा लोखंडी भांडं नको. बाटलीतलं ॲसिड बारीक धारेने पाण्यात सोडा, पाणी ॲसिडमध्ये नाही. मग खाण्याचा सोडा चमचा-चमचा. खूप फेस येईल, म्हणून बादली अर्धीच. अर्धा लिटर ॲसिडला चारशे-साडेचारशे ग्रॅम लागेल. फेस यायचा थांबला की ते मिठाचं पाणी, कमोडमध्ये ओता. पण आधी दोन-तीनदा फ्लश करून ब्लीचिंग पावडरचा मागमूस नाही हे बघा. बाटली धुऊन, चिरून टाका, नाहीतर कुणीतरी परत भरेल.

अंगावर उडालं तर नळाखाली पंधरा-वीस मिनिटं, डोळ्यात गेलं तरी तेच आणि मग दवाखाना. कातडीवर सोडा चोळायचा नाही. चुकून कुणी प्यायलंच तर उलटी काढायची नाही, जाताना जाळतं ते येतानाही जाळतं. तोंड धुवायचं आणि बाटलीसकट दवाखाना.

थराचं म्हणाल तर, ब्रशने ढकलून भांड्यातलं पाणी आधी कमी करा. तुमचं निळं क्लीनर बहुधा त्या पाण्यातच पातळ होत होतं. मग लिटरभर कोमट पाण्यात शंभर ग्रॅम लिंबूसत्व, त्यात जुनी सुती फडकी भिजवून रेघेवर चिकटवा, रात्रभर. सकाळी घासा. एकदा नाही जाणार, तीन-चार रात्री लागतील.

टँकरग्रस्त (११:४८)

कडी घातली. वर चिठ्ठी पण लावली, सासूबाई पहाटे चारला उठतात.