प्राइसला नंबर टाइप दिलाय, तरी टोटल ४५०५० कशी येतीय?

चाटीगल्ली_कोडर:
मंडळी, सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या एका चादरवाल्यांची साइट करतोय, रिअ‍ॅक्ट १९ आणि टाइपस्क्रिप्ट (टाइप तपासणारं जावास्क्रिप्ट). चादर, टॉवेल, नॅपकिन सगळ्यांना एकच कार्ड कंपोनंट, प्रॉप्सचा (कार्डाला बाहेरून मिळणाऱ्या माहितीचा) इंटरफेस पण व्यवस्थित लिहिलाय, प्राइस नंबर, साइज स्ट्रिंग, डिस्काउंट ऑप्शनल. एडिटरमध्ये एक पण लाल रेघ नाही. आणि काल मालकांचा फोन, ४५० ची चादर, कुरिअरचे ५० धरून टोटल ४५०५० दाखवतंय, म्हणले एवढ्यात जुना माग येईल की रे. म्हणजे ४५० आकडा नाही, स्ट्रिंग (मजकूर) म्हणून आला, बेरजेऐवजी ५० पुढं चिकटले. पण स्ट्रिंग आत घुसलीच कशी? जुने प्रॉपटाइप्स (साइट चालताना प्रॉप्सचे टाइप तपासणारे) पण लावून बघितले, कन्सोल गप्पच.

उन्हाळा४४:
भावा, टाइपस्क्रिप्टचे टाइप कंपाइल झाले की पुसले जातात, ब्राउझरमध्ये जातं ते साधं जावास्क्रिप्ट, तिथं दारावर कोणी उभं नसतं. डेटा फेचने आणतोस ना? रिस्पॉन्सचं जेसन काढलं की हातात पडतं ते 'एनी' (म्हणजे कुठलाही टाइप चालेल), आणि एनी कुठल्याही प्रॉपमध्ये बिनबोभाट बसतं. डेटाबेसमध्ये प्राइसचा कॉलम डेसिमल आहे का बघ, नोडचा मायएसक्यूएल ड्रायव्हर तो स्ट्रिंग म्हणूनच देतो. प्रॉपटाइप्सचा चेक तर रिअ‍ॅक्ट १९ ने काढूनच टाकलाय, लिहिलं तरी बघत पण नाही.

चाटीगल्ली_कोडर:
डेसिमलच आहे राव! मग कार्डात प्राइसला 'नंबर किंवा स्ट्रिंग' करू का?

शेंगाचटणी:
काय करलालास बे! असं केलंस तर जिथं जिथं प्राइस वापरशील तिथं आधी टाइप तपासत बसावं लागंल. डेटा जिथं आत येतो तिथंच एकदा झॉडने (डेटा तपासायची लायब्ररी) तपास आणि नंबर करून घे, त्याच स्कीमातून (झॉडमध्ये लिहिलेल्या नियमांतून) टाइप पण निघतो, दोनदा लिहायला नको. आणि साइज नुसती स्ट्रिंग कशाला, 'सिंगल' किंवा 'डबल' एवढेच लिटरल (ठरलेले शब्द) ठेव, आमच्यात एकानं कोडमध्ये 'डब्बल' लिहिलं होतं आणि आठवडाभर कोणाला कळलं नाही.

चाटीगल्ली_कोडर:
झॉडचं कोअर्स (आलेल्याचा नंबर करून देणारं) लावलं, टोटल ५०० आली, लई आभार. पण आता एक नॅपकिन ० रुपयाला दिसतोय?? डेटाबेसमध्ये त्याची किंमत भरलेलीच नाही, नल (म्हणजे काहीच नाही) येतंय.

उन्हाळा४४:
नलचा नंबर केला की ० च होतो. पुढं पॉझिटिव्हची (० पेक्षा मोठा हवा) अट जोड, म्हणजे एरर देईल. मालकांचा फोन यायच्या आत कर.