मारा नदीचं क्रॉसिंग बघायला जावं का? माझं मत: नको

रानभूल:
गेल्या ऑगस्टात केनियात मसाई माराला जाऊन आलो. सिंह दिसले, चित्ता दिसला, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एका सकाळची आहे.

नदीकाठी विल्डबीस्टचा (हे आफ्रिकेतलं मोठं हरणवर्गी जनावर) मोठा कळप नदी ओलांडायला जमला होता. यालाच क्रॉसिंग म्हणतात. आम्ही साडेनऊपासून थांबलेलो. पुढचं जनावर कडेपर्यंत यायचं, पाण्याकडे बघायचं, फुरफुरायचं आणि मागे सरायचं. मागचे ढुशा देतायत, धूळ नुसती. साडेबाराच्या सुमाराला एकाने उतारावर पाय टाकला मात्र, वायरलेस खरखरला आणि झुडपांआड दबा धरलेल्या सगळ्या गाड्या एकदम सुटल्या. मी मोजल्या, एकेचाळीस. त्यातल्या दोन थेट उताराच्या तोंडाशी जाऊन उभ्या. कळप वळला आणि निघून गेला. तीन तास ज्या जनावराने धीर गोळा केला, त्याला आपण हुसकावलं.

म्हणून सांगतो, जुलै ते ऑक्टोबर क्रॉसिंगसाठी जाऊ नका. जानेवारी-फेब्रुवारीत जा. सिंह-चित्ते तेव्हाही माऱ्यातच असतात आणि रिझर्व्हचं तिकीटही निम्मं: जूनपर्यंत दिवसाला १०० डॉलर, जुलैपासून २००. कळपच बघायचे असतील तर त्या वेळी शेजारच्या टांझानियात, दक्षिण सेरेंगेटीत, न्डुटूच्या बाजूला, विल्डबीस्टची वीण चालू असते.

ठाण्याचे_काका:
असहमत. लोकलमध्ये चढेपर्यंत "आत सरका, आत सरका", आणि चढल्यावर "जागा नाही, मागची पकडा". तुम्ही बघून आलात ना? मग आम्ही का नको?

रिटायर झाल्यावर सहा वर्षं पैसे बाजूला टाकून आम्ही दोघं यंदा गणपती विसर्जनानंतर निघतोय. ग्रुप टूर तेव्हाच आहे. एकट्याने न्डुटू वगैरे जुळवणं आमच्याने व्हायचं नाही. आणि बारा-तेरा लाख जनावरं आहेत हो ती. नदीतल्या मगरींना पुरून उरतात, माझ्या एका व्हॅनने काय होणार?

रानभूल:
काका, त्या दोन गाड्यांतलेही हेच म्हणत असतील.

सावली_नैरोबी:
इथे नऊ वर्षं राहतेय, म्हणून थोडं लांबण लावते.

"जाऊ नका" हे मला पटत नाही. माऱ्याभोवतीची बरीच जमीन मसाई या स्थानिक पशुपालक जमातीच्या कुटुंबांच्या मालकीची आहे. नाबोइशो, ओलारे मोटोरोगी अशा कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे रिझर्व्हबाहेरची खाजगी राखीव रानं, ती भाड्याने घेतात आणि ते भाडं पर्यटकांच्या पैशांतून निघतं. २०२० मध्ये कोरोनाने पर्यटन बसलं तेव्हा भाडं द्यायचे वांधे झाले होते. भाडं थांबलं की माणूस कुंपण घालतो, गुरं वाढवतो किंवा जमीन विकतो. कुंपणाला गाडीसारखं मागे घेता येत नाही.

पण रानभूल यांनी जे पाहिलं तेही खरं. एका प्राण्याजवळ पाचच गाड्या, बाकीच्या थांबल्या असतील तर दहा मिनिटांत निघायचं, असा नियम आहे. क्रॉसिंगच्या वेळी तो धुळीत जातो. मारा नदीच्या पश्चिमेचा रिझर्व्हचा भाग, मारा ट्रँगल, २००१ पासून वेगळी संस्था सांभाळते, तिथे शिस्त त्यातल्या त्यात बरी.

ठाण्याचे_काका:
कॉन्झर्व्हन्सीतल्या कॅम्पचा एका रात्रीचा भाव विचारला होता. बीपीची गोळी लवकर घ्यावी लागली. म्हणजे शिस्तीतलं जंगल श्रीमंतांना आणि धूळ आम्हाला.

सावली_नैरोबी:
हो, हा मुद्दा खोडता येत नाही.

तिरकस:
आणि मसाईंचं काय? १९५९ मध्ये त्यांना सेरेंगेटीतून बाहेर काढलं. आता त्यांच्या बायका गेटवर खिडकीतून मण्यांच्या माळा विकतायत, आणि आपण इथे ठरवतोय जंगलात गर्दी कोणाची झाली.

मोहर्ली_गेट:
केनियाला कशाला नावं ठेवायची? ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांना आपल्याच जिप्सींनी घेरलं होतं. व्हिडिओ फिरला, हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली. तिथे कुठे होतं क्रॉसिंग?

मी ताडोब्याच्या वाऱ्या करतो. ड्रायव्हर गाडी घुसवतो ते मागून कोणीतरी "अरे, ती बघ, ती गाडी पुढे गेली" म्हणतं तेव्हाच. वाघ नीट दाखवला तर बक्षिसी, नाही दाखवला तर तोंड वाकडं. पोटासाठी करतोय बिचारा. (अवांतर: ही "अरे, ती बघ" माझीच बायको असते.)

रानभूल:
हे मान्य. आमच्या गाडीतूनही "चलो, चलो" झालं होतं. मी नव्हतो म्हणालो, पण गप्प बसलो होतो. तरी ऑगस्टात जाऊ नका यावर ठाम आहे. शंभर गाड्या आल्यावर पाचाचा नियम कोण पाळणार?

ठाण्याचे_काका:
बरं, माझं बुकिंग झालंय, ते काही रद्द होत नाही. ड्रायव्हरला सांगायचं काय ते सांगा.

सावली_नैरोबी:
नदीकाठी सांगून उपयोग नाही. सकाळी निघतानाच सांगा की क्रॉसिंग दिसो न दिसो, टिप ठरलेली मिळेल. मग तो लांब उभा राहतो. "पोले पोले" म्हणजे हळूहळू, "सुबिरी" म्हणजे थांब. एवढी स्वाहिली पुरते. आणि यलो फीव्हरची लस निघण्याच्या दहा दिवस आधी तरी घ्या, परतताना मुंबईला कार्ड बघतात.

ठाण्याचे_काका:
लिहून घेतलं. आता व्हॅनमधल्या उरलेल्या चौघांना "सुबिरी" कोण म्हणणार, तेही सांगा.