मदत हवी आहे: झाडछाटणीच्या वर्क ऑर्डरसाठी नेमके मराठी शब्द

पर्णभार:
सोसायटीच्या आवारात चार रेन ट्री आणि दोन सोनमोहर आहेत. पावसाआधी त्यांची छाटणी करायची आहे, परवानगी हातात आहे. वर्क ऑर्डर मराठीतच हवी, कारण करवत चालवणारी माणसं तीच वाचणार. अडलेले शब्द असे: ब्रँच कॉलर, इनक्लूडेड बार्क, डीबीएच, आणि टॉपिंग व क्राउन रिडक्शन यांतला फरक. कोशात क्राउनला, म्हणजे झाडाच्या फांद्या-पानांच्या पसाऱ्याला, 'मुकुट' सापडतो, पण फांदीवर उभ्या माणसाला तो काय कामाचा? 'फांद्या कमी करणे' असं मोघम लिहिलं तर सरसकट शेंडे उडतील, ते टाळायचंय.

सालगाभा:
कॉलरला कॉलरच म्हणा, शर्टामुळे सगळ्यांना कळतं. सोबत वर्णन द्या: 'फांदी खोडातून निघते तिथला बुडाचा फुगवटा'. हा फुगवटा खोडाचा भाग असतो, फांदीचा नाही. तो कापला की जखम फांदीची न राहता खोडाची होते. म्हणून 'खोडालगत कापा' हे शब्द ऑर्डरमध्ये येऊच देऊ नका. वाचणारा अगदी घासून कापेल. उलट हातभर खुंटी ठेवली तर ती वाळते, कुजते आणि कूज आत उतरते. लिहायचं ते असं: 'फुगवट्याच्या लगेच बाहेर, फुगवट्याला धक्का न लावता'.

जाड फांदीसाठी तीन काप लिहा. पहिला खालून, फुगवट्यापासून साधारण 30 सेंमी पुढे, जाडीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. दुसरा वरून, पहिल्याच्या 3 ते 5 सेंमी पुढे, आरपार. इथे फांदीचं वजन उतरतं. तिसऱ्या कापाने उरलेली खुंटी काढायची. पहिला काप गाळला तर पडणारी फांदी खालची साल खोडापर्यंत सोलत नेते, आणि ती चीर सांधता येत नाही. कोयत्याला बंदी लिहाच, त्याने लाकूड चिरफाळतं.

टॉपिंग म्हणजे शेंडा किंवा फांदी मधेच कुठेही छाटणं. मराठीत 'शेंडे उडवणे' चपखल आहे, तेच लिहून मनाई करा. अशा कापाखालून झुपक्याने धुमारे फुटतात. ते जुन्या लाकडाच्या वरच्या थरांतच चिकटलेले असतात, म्हणून जाड झाले की वाऱ्यात निखळतात. झाड तीन-चार वर्षांत आधीपेक्षा धोकादायक होतं. रिडक्शनसाठी 'घेर आत घेणे' म्हणा: लांब फांदी तिच्याच बगलफांदीपाशी कापायची, आणि ती बगलफांदी कापलेल्या फांदीच्या जाडीच्या किमान एकतृतीयांश हवी. थिनिंगला, म्हणजे दाटीतल्या काही फांद्या मुळापाशी काढण्याला, 'विरळणी' आहेच. एका वर्षात हिरव्या पर्णसंभाराचा चौथा हिस्सा ही कमाल मर्यादा, म्हाताऱ्या झाडाला त्याहून कमी.

ढोली:
इनक्लूडेड बार्कला 'बेचक्यात दबलेली साल' म्हणा. अरुंद, इंग्रजी व्हीसारख्या बेचक्यात दोन्ही बाजूंची साल आत मुडपते, लाकूड लाकडाशी जुळत नाही. बाहेरून उभी काळपट चीर दिसते. रुंद बेचक्यात मात्र सालीची वर उचललेली कड दिसते, ती मजबुतीची खूण. सोनमोहरात हे आवर्जून तपासा.

डीबीएच म्हणजे छातीच्या उंचीवरचा व्यास. आपल्याकडे जमिनीपासून 1.37 मीटर धरतात. टेप गुंडाळली की घेर मिळतो, व्यास नाही. ही गफलत फार होते. 157 सेंमी घेर म्हणजे 50 सेंमी व्यास. मुळांसाठी ढोबळ नियम व्यासाच्या बारापट त्रिज्येचा, म्हणजे इथे 6 मीटर. तेवढ्यात चर खणू नये, राडारोडा टाकू नये.

शिवाय महाराष्ट्राच्या 1975 च्या नागरी वृक्ष कायद्यात 'झाड तोडणे' यात जाळणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. शेंडे उडवून उभं ठेवलं म्हणजे सुटलो, असं नाही.

पर्णभार:
'कापावर बोर्डो पेस्ट लावणे' लिहू का? ठेकेदार डांबर म्हणतोय.

सालगाभा:
डांबर नकोच, आत ओल कोंडते. बोर्डो पेस्ट (1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी) आंबा-संत्र्याच्या बागेत बुरशीसाठी लावतात, तिथे ती योग्य. रेन ट्रीचा काप उघडाच ठेवा. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. आत कूज अडवायला झाड भिंती घालतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवून तोंड झाकतं. अमेरिकी वृक्षतज्ज्ञ ॲलेक्स शिगो यांनी हजारो खोडं उभी चिरून हे दाखवलं. याला 'कप्पेबंदी' शब्द चालेल. फुगवटा शाबूत असेल तर पुढच्या वर्षी कापाभोवती गोल वळी दिसेल. वळी फक्त दोन बाजूंना असेल, वर-खाली नसेल, तर काप खोडाला घासून झालाय. शेवटचा हप्ता देण्याआधी वळीची वाट बघता येणार नाही, म्हणून प्रत्येक कापाचा जवळून फोटो मागा आणि ती अट ऑर्डरमध्येच घाला.