खंडवा रोड, रात्रीचे साडेनऊ आणि तुमचे पांढरे दिवे

रामबागचे काका
काल इथे, आपल्या इंदूरच्या ग्रुपवर, एका चिरंजीवांनी लिहिलं: "ओंकारेश्वरला रात्री जायचं तर कंपनीचे पिवळट बल्ब काढून फेका, एलईडी टाका, रात्रीचा दिवस होतो. डोळ्यांवर येतं म्हणणारे नुसते जळतात." त्यावर भराभर अंगठे पडले. उत्तर दिल्याशिवाय मला झोप लागायची नाही.

गेल्या गुरुवारी ओंकारेश्वरजवळच्या मोरटक्क्याहून परत येत होतो. भेरूघाटात वळणावर समोरून पांढराफटक झोत आला. पुढचे तीन-चार सेकंद मला ना रस्ता दिसला ना कठडा. ही शेजारून ओरडली, "डावीकडे घ्या!" आणि मी तिच्या सांगण्यावर गाडी वळवली. घाटात! मी अपर-डिपर (लांबचा झोत, खालचा झोत) करून दाखवतोय, तो ढिम्म. अगदी जवळ आल्यावर चिडून त्याने अपर मारला, तेव्हा कळलं की आधीचा तो डिपरच होता.

नियम आहे, कुणी वाचत नाही. झोत असा खाली वळलेला हवा की दिव्यापासून आठ मीटरवर, दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला अंधारी येता कामा नये. आमच्या वेळी हेडलाइटच्या काचेवर काळा ठिपका रंगवलेला असायचा. ते वेडे होते का?

एमपी०९ दुसरी पाळी
तो चिरंजीव मीच. काका, तुम्ही महिन्यातून एकदा दर्शनाला जाता. मी पिथमपूरहून रोज रात्री बारानंतर येतो. टेललाइट नसलेल्या ट्रॉल्या, डांबरावर बसलेल्या म्हशी. कंपनीच्या दिव्यात म्हैस दिसली तेव्हा ती बॉनेटवर होती. रेडिएटर, बंपर, एक हेडलाइट, सगळं मिळून सव्वीस हजार. म्हैसवाला आला तो माझ्याकडेच पैसे मागायला. त्याच आठवड्यात एलईडी टाकले. समोरच्याच्या डोळ्यांची काळजी करू का माझ्या मानेची?

तारजोड
भिया, दोघं थांबा. मी वीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतो, माझ्या पोटावर पाय येईल तरी सांगतो.

कंपनीचा एच-४ बल्ब, म्हणजे साधा हॅलोजन, अपरला ६० आणि डिपरला ५५ वॅटचा असतो. त्यात डिपरच्या तारेखाली एक छोटी पत्र्याची वाटी असते. तिच्यामुळे डिपरचा उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्यावर पडतो आणि रस्त्यावर खाली येतो. सगळी कमाल त्या वाटीची आणि तारेच्या जागेची. एलईडीत तारेच्या जागी पट्टीवर चिकटवलेल्या चिप्स. त्या मिलिमीटरभर जरी सरकल्या तरी झोत फुटतो, वर जातो, झाडावरचे पक्षी उठतात. चालवणाऱ्याला वाटतं, काय उजेड आहे! असतो ना, पण गाडीपुढच्या वीस फुटांत आणि समोरच्याच्या डोळ्यांत. लांबची म्हैस तशीच अंधारात.

आता दुसऱ्या पार्टीला. कंपनीचा दिवा मिणमिणता वाटतो त्यात बल्बचा दोष कमी असतो. जुन्या गाडीत सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो. परवा एका गाडीत इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट मोजले, होल्डरवर ११.९. हॅलोजनला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं की उजेड तीसेक टक्के उतरतो. हिशेब करा. रिले (छोट्या करंटवर चालणारा वेगळा स्विच) टाकून बॅटरीवरून सरळ जाड वायर आणा, अर्थिंग घासा, तोच बल्ब लख्ख पेटेल. आणि रिले न टाकता १००/९० चा बल्ब ठोकू नका. अपरवर दोन बल्बना दहाच्या जागी सोळा-सतरा अँपिअर लागतात, आधी होल्डर वितळतो, मग स्विच.

काचही बघा. पॉलिकार्बोनेट उन्हाने पिवळं पडतं. पाण्याचा पॉलिशपेपर आठशे, हजार, दोन हजार, मग पॉलिश. कोलगेट चोळून काही होत नाही.

एमपी०९ दुसरी पाळी
कोलगेटने होतं. मी केलंय.

तारजोड
दोन आठवडे होतं.

सुदामानगरहून
काका, रागावू नका, पण तुमचं वय काय? माझ्या बाबांचंही हेच होतं. रोज समोरच्या गाड्यांना शिव्या. दिव्यांभोवती वलयं दिसायची, झोत गेल्यावर बराच वेळ काही दिसायचं नाही. तपासलं तर मोतीबिंदू. तुम्ही शेवटचे डोळे कधी दाखवले?

रामबागचे काका
म्हणजे दिवा त्याचा आणि खोट माझ्या डोळ्यांत! मी १९७८ पासून गाडी चालवतोय. एक ओरखडा नाही.

एमपी०९ दुसरी पाळी
😂 ताई, बरोब्बर नस पकडलीत. काका, त्यात तुम्हीच म्हणालात की काकू रस्ता सांगत होत्या.

रामबागचे काका
हिचं नाव मध्ये आणू नका. बाळा, तुझ्या वयात मी मानपूरचा घाट पावसात, एका मिचमिचत्या दिव्यावर उतरलो आहे.

नारायणबाग
मोतीबिंदूचा विषय निघालाच आहे म्हणून. माझं दोन्ही डोळ्यांचं झालं. मल्टिफोकल (जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी) लेन्स घेतली, चष्मा सुटेल म्हणून. सुटला. पण आता रात्री प्रत्येक दिव्याला चक्र दिसतं, गणपतीच्या आरासीसारखं. आधी कुणी सांगितलं नाही. घेण्याआधी विचारा.

सुदामानगरहून
बाबांना साधी मोनोफोकल (एकाच अंतराची) बसवली. वाचायला चष्मा लागतो, रात्री त्रास नाही. पण लायसन्स नूतनीकरणाची गंमत ऐका. चाळिशीनंतर डॉक्टरचा दाखला लागतो ना? बाबांना तो मोतीबिंदू असतानाच मिळाला होता. ज्यांनी सही केली त्यांनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलंही नव्हतं.

नारायणबाग
माझाही तसाच. दाखला आणायला मुलगा गेला होता, मी घरीच होतो.

रामबागचे काका
धागा हेडलाइटचा आहे की नेत्रशिबिराचा?

स्कूटरवाली
मला बोलू द्या जरा. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीतून एक वाजता स्कूटरवर परत येताना मागून उंच एसयूव्ही येते आणि तिचा दिवा थेट आरशात. आरसा वळवून ठेवावा लागतो, मग मागचं काही दिसत नाही. माझं वय सव्वीस, मोतीबिंदू नाही. मला का अंधारी येते, तेवढं सांगा.

रामबागचे काका
बोला आता.

एमपी०९ दुसरी पाळी
एसयूव्हीवाल्यांचं मी का ऐकू? माझी हॅचबॅक आहे. आणि स्कूटरवाल्यांनी बोलूच नये. २०१७ च्या एप्रिलपासून तुमच्या नव्या गाड्यांचे दिवे दिवसाही बंद होत नाहीत, त्यातले अर्धे अपरवर.

स्कूटरवाली
अर्धे? मोजलेत? माझा डिपरवर असतो. आणि दिवा चालू ठेवणं आणि डोळ्यांत घालणं यात फरक कळत नसेल तर तुमच्या म्हशीचीही चूक नव्हती.

तारजोड
भांडण करून राहिलात, पण एक काम कुणी केलं नाही. सपाट जमिनीवर गाडी भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी करा, डिपर लावा. भिंतीवर आडवी रेघ स्पष्ट दिसली पाहिजे, दिव्याच्या उंचीच्या जराशी खाली, डावीकडे थोडी वर चढलेली. आपण डावीकडून चालतो म्हणून कडेचा माणूस दिसावा. रेघच नसेल तर तुम्ही समोरच्याला आंधळं करताय. डॅशबोर्डवर झोत खाली-वर करणारं ० ते ३ चं चाक असेल तर मागे सामान भरल्यावर ते फिरवत जा. लोकांना वाटतं ते एसीचं आहे.

नारायणबाग
आमच्याकडे ते चाक आहे! सात वर्षांत हात लावला नाही.

एमपी०९ दुसरी पाळी
काल ड्यूटीवरून येऊन सोसायटीच्या भिंतीवर बघितलं. डाव्या दिव्याची रेघ आहे, बरी आहे. उजव्याची नाही, नुसता पांढरा फराटा, वर दुसऱ्या मजल्यापर्यंत. लावणाऱ्याने बल्बची कॉलर (बसवायची कडी) तिरपी बसवली, मागचं रबर नीट बसत नव्हतं तर तेही कापलं. काकांचं एका दिव्यापुरतं खरं निघालं. फिरवून घेतो. काढणार नाही.

तारजोड
रबर कापलं म्हणजे पावसाळ्यात आत पाणी. फिरवून पूर्ण सुधारणार नाही, रिफ्लेक्टर हॅलोजनचाच आहे. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, गाडीत मनाने बदल करायला मनाई करणारं, तुला माहीत असेलच.

एमपी०९ दुसरी पाळी
ट्रॉलीला टेललाइट लावा, मग मला कलम शिकवा.

रामबागचे काका
एका दिव्यापुरतं का होईना, आभार. खूपच मोठं मन.

डोळे दाखवले. उजव्यात मोतीबिंदू आहे, पिकायला आलाय. डावा बरा. आता सुदामानगरच्या ताईंनी हसू नये. भेरूघाटातला तो दिवा तरीही वरच होता, या मतावर मी ठाम आहे. ऑपरेशन होईपर्यंत रात्रीची किल्ली हिने तांदळाच्या डब्यात लपवली आहे, असं नातवाकडून कळलं.

स्कूटरवाली
काका, डबा बदलला असेल आता. काकूही हा धागा वाचतात.